सोडियम फ्लोराइड हाताळण्यापूर्वी

डबा उघडण्याआधी हे पत्रक वाचून घ्या, ही विनंती.

सोडियम फ्लोराइड ही पांढरी, बिनवासाची पूड. मीठ, धुण्याचा सोडा किंवा दुधाची पावडर शेजारी ठेवली तर नुसत्या नजरेने फरक कळत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. १९४२ साली अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या एका रुग्णालयात झुरळांसाठी आणलेली ही पूड दुधाची पावडर समजून अंड्यांत मिसळली गेली. ४७ रुग्ण दगावले. म्हणून पूड मूळ डब्यातच ठेवा. बरणीत, पिशवीत काढून ठेवू नका. चहाच्या चमच्याएवढी पूडही मोठ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

फ्लोराइड कॅल्शियमला घट्ट धरते. पोटात गेल्यावर ते रक्तातले कॅल्शियम ओढून घेते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नका. माणूस शुद्धीवर असेल तर दूध पाजा आणि वेळ न दवडता डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आम्लाजवळ तर ती अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते कातडीतून आत शिरते आणि दुखायला कधीकधी काही तासांनी लागते.

द्रावण करताना बोअरचे जड पाणी वापरले तर ते गढूळ होते, कारण पाण्यातले कॅल्शियम फ्लोराइडशी जुळून खाली बसते. शुद्ध केलेले पाणीच घ्या. १०० मिलीलिटरमध्ये जेमतेम ४ ग्रॅम विरघळते, गरम केल्याने फारसे वाढत नाही. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेवर ते हळूहळू चरे पाडते.

हीच पूड अगदी अल्प प्रमाणात टूथपेस्टमध्ये दातांचे रक्षण करते. रक्तातली साखर तपासायच्या नळीत ती पेशींना साखर खाऊ देत नाही, म्हणून नमुना उशिरा तपासला तरी आकडा फारसा घसरत नाही. लाकूड टिकवण्यासाठीही ती वापरतात.

उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. चुन्याची निवळी घातली की बहुतेक फ्लोराइड गाळ होऊन खाली बसते. तो गाळ रासायनिक कचरा म्हणून वेगळा द्या.