कुरूप कापलं तरी परत का येतं?

तळपायाला कुरूप झालं की आपल्याकडे पहिला उपाय ब्लेडचा, दुसरा औषधाच्या दुकानातल्या पट्टीचा. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा चपलेत खडा अडकल्यासारखं टोचायला लागतं. लोक म्हणतात, मूळ आत राहिलं. पण कुरुपाला मूळ नसतंच. एकाच जागी सतत दाब पडला किंवा घासलं की त्वचा बचावासाठी केराटिनचा, म्हणजे नखं-केस ज्या टणक प्रथिनाचे बनतात त्याचा, थर जाड करते. दाब लहानशा जागेवर एकवटला असेल तर तो थर शंकूसारखा आत रुतत जातो आणि त्याचं टोक टोचतं. दाब हटला नाही, तर कापल्यावर त्वचा तेच काम नव्याने सुरू करते.

पायाच्या बऱ्याच तक्रारींचं असंच असतं. दुखणं एका जागी, कारण दुसरीकडे. बहुतेक वेळा बुटात किंवा चालीत. हे कारण शोधणाऱ्यांचा, म्हणजे पोडियाट्रिस्टचा, ब्रिटन-अमेरिकेत स्वतंत्र पेशा आहे. अब्राहम लिंकन यांच्या पायांवर उपचार करणारे झॅकरी इतके विश्वासातले होते, की गृहयुद्धाच्या काळात लिंकन यांनी त्यांना न्यू ऑर्लिन्सला राजकीय कामगिरीवर पाठवलं होतं. आपल्याकडे हे काम त्वचारोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, सर्जन आणि मोठ्या शहरांतली मधुमेही पायांची क्लिनिकं यांच्यात वाटलं गेलंय. त्यामुळे नेमकं कुणाकडे जायचं हेच पेशंटला कळत नाही आणि ब्लेड हातात घेतलं जातं.

ब्लेड पोडियाट्रिस्टही वापरतात, पण वेगळ्या पद्धतीने. भूल देत नाहीत. पातं त्वचेला जवळजवळ समांतर धरून एकेक पापुद्रा उतरवतात. मेलेल्या थरात ना रक्तवाहिन्या, ना नसा. त्यामुळे दुखत नाही. शेवटी मधला पिवळट, टणक गाभा पात्याच्या टोकाने उचलून काढतात. हे करतानाच निदानही पक्कं होतं. थर उतरवल्यावर बारीक काळे ठिपके दिसले, तर ते कुरूप नसून चामखीळ असते. ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. चामखीळ विषाणूमुळे होते, तिचे उपचार वेगळे. आणि कुरूप काढून झालं की जाणकार माणूस आधी तुमचा बूट उलटा करून बघतो. तळ कुठे झिजलाय, पुढची बाजू किती निमुळती आहे, बोटांना जागा आहे का. मग दाब पसरवणारं पॅड किंवा इनसोल. खरा उपचार हाच.

अंगठ्याचं नख बाजूच्या मांसात रुतणं हा त्याच घराण्यातला त्रास. घट्ट बूट आणि कोपरे खोलवर गोल कापण्याची सवय ही नेहमीची कारणं. कोपरा कोरून काढला की तात्पुरतं हायसं वाटतं, पण आत नखाची एक अणकुचीदार सळई राहते आणि नख वाढताना ती पुढे सरकत मांसात घुसते. सुरुवातीलाच आलात, तर कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून भागतं. पू आणि लालबुंद वाढलेलं मांस दिसायला लागलं, की मात्र नखाची कड काढावी लागते. अंगठ्याच्या बुडाशी भुलीची इंजेक्शनं देतात आणि पूर्ण नख न काढता कडेची काही मिलिमीटरची पट्टी मुळापर्यंत चिरून ओढून घेतात. नंतर तिथल्या नख तयार करणाऱ्या पेशींवर तीव्र फिनॉल लावतात. जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये जखमा निर्जंतुक करण्यासाठी गाजवलेलं कार्बोलिक आम्ल ते हेच! इथे त्याचं काम पेशी जाळण्याचं. तेवढ्या पट्टीत नख पुन्हा उगवत नाही, अंगठ्याचं नख कायमचं थोडं अरुंद राहतं. जखम दोनेक ते चार आठवडे ओलसर राहते; त्याला घाबरायचं कारण नसतं. टोचणारी कड निघाली की सूज आपोआप उतरते, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर महिना काढण्यात फारसा अर्थ नाही.

नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं की सगळे बुरशी म्हणून मोकळे होतात. पण अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस, जुना मार किंवा बुटाचं रोजचं घासणं असतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा चुरा तपासून घ्यावा. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध पायाच्या नखासाठी सहसा 12 आठवडे देतात आणि यकृतावर लक्ष ठेवतात. कोर्स संपला तरी नख तसंच दिसतं, कारण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पावसाळ्यातल्या चिखल्या मात्र पाय कोरडे ठेवून आणि साध्या बुरशीविरोधी मलमाने बऱ्या होतात. स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. खाज थांबते, बुरशी पसरते.

मधुमेहात पायाची संवेदना गेली की सगळं गणित बदलतं, कारण दाब पडतो पण दुखत नाही. हे ज्ञान आलं ते कुष्ठरोगाच्या वॉर्डातून, तेही भारतात. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोगात बोटं रोगामुळेच झडतात असा समज होता. संवेदना गेल्यामुळे न कळत होणाऱ्या इजा बोटं खातात, हे त्यांनी दाखवलं. तळपायाच्या जखमेवर त्यांचा उपाय मलमाचा नव्हता, प्लास्टरचा होता. पायाला चपखल बसवलेलं प्लास्टर वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देतं, जखमेवरचा भार उतरतो आणि ती भरून येते. पुढे ब्रँड यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली; मधुमेही पायाच्या जखमेसाठी आजही ती वापरतात. दुकानात ‘एमसीआर चपला’ मिळतात, त्यांतलं मऊ मायक्रोसेल्युलर रबरही आधी कुष्ठरुग्णांच्याच चपलांत होतं.

संवेदना तपासायला यंत्र लागत नाही. पेशंटने डोळे मिटायचे आणि डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर टेकवायचा. धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढं टेकलेलं कळलं नाही, तर संरक्षक जाणीव गेली असं समजतात. अशा पायाला कुरुपाची पट्टी लावणं धोक्याचं; तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल मेलेली आणि जिवंत त्वचा असा भेद करत नाही. जळलेलं कळतही नाही.

आणि मधुमेह्याचं एक पाऊल अचानक सुजून, लाल होऊन दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर दुखत नसलं तरी त्यावर चालू नये. तो संसर्ग असू शकतो किंवा शार्को फूट, ज्यात आतली हाडं मोडून सरकत असतात. हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांना लावली की फरक जाणवतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.