नोंद, सही आणि घुसखोरी: ई-प्रशासन आणि संगणक गुन्ह्यांची पार्श्वभूमी

सरकारी काम म्हणजे मुळात कागदाचं काम. कोणाचा जन्म कधीचा, कोणाच्या नावावर काय, कोणी किती कर भरला, हे खरं धरलं जातं ते कागदावर सही-शिक्का असतो म्हणून. संगणक कचेरीत शिरला तेव्हा या व्यवस्थेला त्याने हातही लावला नव्हता. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळवण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून १८९० मध्ये हर्मन हॉलरिथ यांची छिद्रं पाडलेली कार्डं वाचणारी यंत्रं लावली गेली. १९५१ मध्ये त्याच खात्याने युनिव्हॅक संगणक घेतला. पण मूळ फॉर्म गठ्ठ्यांमध्येच होते. यंत्र फक्त बेरजा मारत होतं, आणि बेरजा मारणाऱ्या यंत्राची कायद्याला काय पडली होती?

पंचाईत झाली ती यंत्रातली नोंद हीच मूळ नोंद होऊ लागली तेव्हा. स्वीडनने १९४७ पासूनच प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक दिला होता. १९७० च्या जनगणनेच्या वेळी लोक बिथरले: एका क्रमांकाने सगळ्या नोंदवह्या जोडल्या गेल्या तर? त्यातून १९७३ चा डेटा कायदा आला. त्याने नोंदवह्या ठेवायला परवाना सक्तीचा केला आणि परवानगीशिवाय त्यांत शिरणं गुन्हा ठरवलं. संगणकातली घुसखोरी कायद्याच्या पुस्तकात आली ती अशी, नोंदवह्यांच्या कायद्याचं शेपूट धरून.

पण संगणकात जे असतं त्याला दस्तऐवज म्हणायचं का, हा प्रश्न कोर्टात नीट तापला तो ब्रिटनमध्ये. तिथल्या टपाल खात्याने १९७९ मध्ये प्रेस्टेल ही सेवा सुरू केली. टीव्हीला टेलिफोनची लाइन जोडायची, पासवर्ड द्यायचा, की पडद्यावर बातम्या आणि निरोप हजर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गोल्ड आणि शिफ्रीन या दोन पत्रकारांच्या हाती तिथल्या एका इंजिनिअरचं खातं लागलं. खाते क्रमांकात सगळे २ आणि पासवर्ड १२३४. (तेव्हापासून पासवर्डच्या बाबतीत माणूस फार सुधारलाय असं नाही.) तिथून वाट काढत ते थेट राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या निरोपपेटीपर्यंत पोचले.

दोघांना अटक झाली खरी, पण कलम कोणतं लावायचं? चोरी म्हणावी तर काही गेलेलं नव्हतं. अखेर बनावट दस्तऐवजांविषयीचा १९८१ चा कायदा पुढे केला गेला. त्या कायद्याने डिस्क आणि टेप यांनाही दस्तऐवजात धरलं होतं. सरकारी पक्ष म्हणाला, दुसऱ्याचा पासवर्ड यंत्रात नोंदला गेला, म्हणजे खोटा दस्तऐवज तयार झाला. खालच्या कोर्टाने दंड ठोठावला, अपिलात दोघं सुटले आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, ती सुटका कायम केली. कारण मोठं बारीक होतं. पासवर्ड यंत्रात राहतो तो तपासणीपुरता, क्षणभर. मग पुसला जातो. त्याला ‘नोंदवलेला’ किंवा ‘साठवलेला’ म्हणता येत नाही. हा गुन्हा ठरवायचा असेल तर ते संसदेचं काम. संसदेने १९९० मध्ये कॉम्प्युटर मिसयूज अ‍ॅक्ट करून ते केलं. दोघं सुटले याचं तेव्हा अनेकांना वाईट वाटलं असेल, पण जुन्या कायद्याचे शब्द ओढूनताणून बसवले नाहीत हे बरंच झालं, असं मला वाटतं.

सरकारी सेवांच्या बाजूलाही हीच अडचण होती, फक्त उलट्या टोकाने. अर्ज संगणकावर भरला तरी तो छापून, सही करून खिडकीवर न्यावाच लागे, कारण कायदा पडद्यावरच्या अक्षरांना ओळखतच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये नमुना कायदा दिला. त्याचं सूत्र साधं होतं: माहिती केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून ती नाकारायची नाही.

यानंतर दोन्ही धागे एकत्र आले ते २००० साली. ४ मे रोजी ‘आय लव्ह यू’ नावाचं प्रेमपत्र मेलमधून जगभर पसरलं. जोडलेली फाइल उघडली की ती पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप जाई. ब्रिटिश संसदेलाही आपली मेल बंद ठेवावी लागली. माग काढत तपास मनिलापर्यंत गेला, संशयित सापडला, आणि पुन्हा तेच: फिलिपिन्समध्ये असा गुन्हाच नव्हता. क्रेडिट कार्डांसारख्या साधनांविषयीचा कायदा लावून पाहिला, पण ऑगस्टमध्ये खटला सोडून द्यावा लागला. नवा कायदा १४ जूनला झाला होता, पण मागच्या गुन्ह्याला तो लागू होत नव्हता.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच महिन्यात, ९ जूनला. १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. या दोन्ही कायद्यांची बांधणी सारखी आहे. एकाच कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता, सरकारदरबारी ती चालवून घेण्याची तरतूद आणि पुढे घुसखोरीची शिक्षा. भारतात तर दंड संहितेतही बदल करून ‘दस्तऐवज’ या शब्दाशेजारी ‘इलेक्ट्रॉनिक नोंद’ बसवली गेली. प्रेस्टेल खटल्यात जे शब्द कमी पडले होते त्यांची ही भरपाई म्हणता येईल. संगणक गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारानेही खोटा डेटा तयार करण्याला बनावट दस्तऐवजाच्या पंगतीला बसवलं.

डिजिटल सहीला कागदावरच्या सहीची किंमत आल्यावर चोरही सहीच्याच मागे लागले. भारतात २००८ च्या दुरुस्तीने दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण वापरणं हा ओळखचोरीचा स्वतंत्र गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी नोकरभरती पाहणाऱ्या कचेरीतून सुमारे ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे गेल्याचं उघड झालं. पासवर्ड बदलून देता आला असता.

एस्टोनियात तर २०१७ मध्ये चोरी न होताच धांदल उडाली. तिथल्या ओळखपत्रांनी डिजिटल सही करता येते, आणि त्यांच्या चिपमध्ये त्या सहीसाठी लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे, तयार करण्याच्या पद्धतीतच दोष असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. साडेसात लाखांच्या आसपास कार्डं त्यात सापडली, म्हणजे देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांची सही. नोव्हेंबरात सरकारने त्यांची प्रमाणपत्रं, म्हणजे सही कोणाची आहे याची डिजिटल ग्वाही, थांबवली, आणि नवी घेतल्याशिवाय त्या कार्डांवर सही करता येईना.