अग्निचित्रण, संगणकीय

संगणकनिर्मित दृश्यात ज्योत, जाळ, आगीचा लोळ, ठिणग्या आणि सोबतचा धूर खरा वाटेल असा उभा करण्याचे तंत्र. चित्रपट, जाहिराती व संगणकीय खेळ यांतील त्याचा वापर सर्वपरिचित असल्याने या नोंदीत उगम आणि भौतिक आधार यांवर भर दिला आहे. मराठीतले ज्योत, जाळ व लोळ हे भेद तंत्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहेत. समईच्या ज्योतीत वायूचा प्रवाह जवळजवळ स्तरीय (थराथराने संथ वाहणारा) असतो, होळीच्या जाळात तो संक्षुब्ध (भोवऱ्यांचा, अनियमित) होतो, तर लोळात वायूचे एकाएकी होणारे प्रसरण प्रभावी ठरते. या तिन्हींना एकच गणिती प्रतिमान सहसा पुरत नाही.

उगम : या तंत्राचा आरंभ बहुधा विल्यम रीव्ह्‌ज यांच्या कण-प्रणालीपासून, म्हणजे असंख्य सूक्ष्म कणांनी दृश्य उभे करण्याच्या पद्धतीपासून, धरला जातो. लुकासफिल्मच्या संगणक विभागात त्यांनी ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ (१९८२) या चित्रपटातील एका दृश्यासाठी निर्जीव ग्रहावर पसरत जाणारी आगीची भिंत तयार केली. तिच्यावरील शोधनिबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. या श्रेयाबाबत मतभेद आहेत. स्फोट झालेले यान चमकत्या ठिपक्यांनी दाखवण्याची युक्ती आरंभीच्या संगणकीय खेळांत होती. धुराड्यातून निघणारा धूर आणि आकाशगंगेतील तारे यांसाठीही कणांचा वापर आधी झाला होता. ही पूर्वपीठिका रीव्ह्‌ज यांनी स्वतःच नोंदवली आहे. तथापि प्रत्येक कणाला जन्म, आयुष्य, वेग, रंग व मृत्यू देऊन या सर्वांत ठरावीक मर्यादेतली यदृच्छा (योगायोगाने येणारा फरक) आणणारी सुसूत्र पद्धत त्यांचीच असल्याने आरंभाचा मान त्यांच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते.

त्यांची रंगयोजना आजही अभ्यासण्याजोगी आहे. कण मुख्यतः लाल होते. त्यांत थोडा हिरवा व किंचित निळा घटक होता. एका चित्रबिंदूवर (पिक्सेलवर) अनेक कण आले की त्यांच्या रंगांची बेरीज होई. लाल आधीच कमाल मर्यादेला पोचे, मग हिरवा वाढून नारिंगी-पिवळी छटा येई आणि फार दाट गर्दीत पांढरी. कणाच्या आयुष्यात हिरवा व निळा लवकर ओसरत, लाल मागे राही; त्यातून निवत जाणाऱ्या पदार्थाचा भास होई. मात्र कण स्वयंप्रकाशी मानले तरी ते भोवतालचा पृष्ठभाग उजळत नसत. त्यासाठी ग्रहाच्या पृष्ठभागालगत वेगळा तीव्र दिवा ठेवावा लागला. हवेच्या प्रवाहाचे गणित यात नव्हते. म्हणून काहींच्या मते ही आग नव्हे, आगीसारखी आतषबाजी होय.

भौतिक आधार : ज्वालेचा पिवळा-नारिंगी रंग मुख्यतः तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. हे कण स्थूलमानाने कृष्ण पदार्थाप्रमाणे, म्हणजे केवळ तापमानावर रंग अवलंबून असलेल्या आदर्श पदार्थाप्रमाणे, प्रारण करतात. मेणबत्तीच्या ज्योतीचे वर्णतापमान (प्रकाशाच्या रंगावरून ठरणारे तापमान) सु. १,८५० केल्व्हिन असते. बुडाशी दिसणारा निळा रंग तापमानाचा नसून रासायनिक विक्रियेत उत्तेजित झालेल्या रेणूंचा आहे. त्यामुळे केवळ तापमानावरून रंग ठरवणाऱ्या पद्धतीत निळा गाभा कधीच उमटत नाही.

रंगापेक्षाही निर्णायक ठरते ती हालचाल, आणि या मुद्द्याकडे शिकाऊ कलावंतांचे फार दुर्लक्ष होते. जळत्या तळाचा व्यास मीटरमध्ये घेतल्यास ज्वालेच्या स्पंदनांची दर सेकंदाची संख्या सु. १.५ भागिले व्यासाचे वर्गमूळ इतकी येते. म्हणजे १ मी. व्यासाचा जाळ सेकंदाला सु. दीड वेळा, तर १० सेंमी. व्यासाचा जवळजवळ पाच वेळा उसळतो. वाड्याला लागलेली आग भराभर फडफडली की रंग कितीही अचूक असोत, डोळ्याला ती काडेपेटीएवढीच भासते.

द्रायू-सदृशीकरण (द्रव व वायू यांच्या प्रवाहाची संगणकीय नक्कल) : १९९० च्या दशकात प्रवाहाची गती सांगणारी नाव्हिए-स्टोक्स समीकरणे त्रिमितीय जाळीवर सोडवण्याकडे कल वळला. योस स्टाम यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कालांतर (गणनाच्या दोन टप्प्यांमधील वेळ) मोठे घेतले तरी गणन कोलमडत नाही. पण लहान भोवरे विरून जातात. फेडकिव्ह, स्टाम व येन्सेन यांनी २००१ मध्ये हे भोवरे कृत्रिम बल लावून टिकवले. विभेदन (जाळीची बारकाई) दुप्पट केल्यास जाळीतील घनकोष्ठ (लहान घनाकृती खाने) आठपट होतात आणि कालांतरही सहसा निम्मे करावे लागते, त्यामुळे एकूण खर्च सु. सोळापट वाढतो.

२००२ च्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत दोन विरुद्ध दिशांचे शोधनिबंध एकत्र आले. न्गुयेन, फेडकिव्ह व येन्सेन यांनी जळणारे इंधन व तप्त वायू यांच्यामधील सीमा अतिशय पातळ पृष्ठ मानली. हे पृष्ठ म्हणजेच निळा गाभा. ज्वलनाचा वेग कमी असेल तर गाभा मोठा होतो. पृष्ठ ओलांडताना वायू प्रसरण पावतो, त्यामुळे ज्वालेला भरीव फुगीरपणा येतो. डोळा आगीच्या उजेडाला सरावतो हेही त्यांनी रंगगणनात धरले. लामोर्लेट व फॉस्टर यांनी याउलट प्रत्येक ज्वालेला वक्ररेषेचा कणा देऊन तिचा आकार कलावंताच्या हाती ठेवला. अजगराच्या फुत्कारासारख्या, दिग्दर्शकाला नेमक्या हव्या असलेल्या ज्वालेला दुसरा मार्ग सोयीचा. मोठ्या, मोकाट आगीला मात्र पहिल्याचा पाया अधिक भरवशाचा वाटतो.

प्रचलित साधने : हूडिनी या त्रिमितीय चित्रणाच्या संगणकप्रणालीतील पायरो, फ्यूमएफएक्स आणि ब्लेंडर या तशाच प्रणालीत २.८२ या आवृत्तीपासून (२०२०) असलेले मँटाफ्लो. विरळ घनकोष्ठ साठवण्यासाठी ड्रीमवर्क्स या चित्रपटसंस्थेत विकसित झालेली ओपनव्हीडीबी ही मांडणी सर्वत्र रूढ आहे. खेळांत बहुतेकदा आधी काढून ठेवलेल्या चित्रमालिका प्रेक्षकाकडे तोंड केलेल्या सपाट पट्ट्यांवर फिरवल्या जातात.