रूम पार्टनर कोण आहे?

लातूरला अकरावीला लेकरू टाकायचं म्हटलं की आमच्याकडं फीच्या आधी एक प्रश्न येतो, रूम पार्टनर कोण आहे? माझ्या आईनं पण तेच विचारलं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही तिघं, त्यातला एक पहाटे साडेचारला लाइट लावून फिजिक्स घेऊन बसायचा, मग झोप कसली, आठवड्याभरात मी पण उठायला लागलो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण धरूनच चालतो. पण ते तपासणं लई अवघड, कारण अभ्यास करणारी पोरं अभ्यास करणाऱ्यांशीच दोस्ती करतात, मग गुण लागला का आधीपासूनच सारखे होते म्हणून एकत्र आले, हे कळायचं कसं? अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मान्स्की यांनी १९९३ मध्ये याला आरशाची उपमा दिली, माणूस अन् प्रतिबिंब दोन्ही सोबतच हलतात, कोणामुळं कोण हललं हे नुसतं बघून सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या खोल्या जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जायच्या, म्हणजे पार्टनर आपण निवडलेला नसायचा. तिथला अभ्यास ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये मांडला, पार्टनरच्या मार्कांचा परिणाम छोटा होता पण होता, मेन विषय कोणता घ्यायचा यावर मात्र काहीच नाही.

मग सॅसरडोट अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत एक प्रयोग केला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कच्च्या पोरांना मुद्दाम हुशार पोरांच्या तुकडीत टाकलं. २०१३ मध्ये निकाल छापून आला, कच्च्या पोरांचे मार्क वाढायच्या ऐवजी कमी झाले! कारण एका तुकडीत असून पण कच्ची पोरं कच्च्यांतच बसायला लागली, हुशार हुशारांत. नुसतं शेजारी बसवून भागत नाही, दोस्ती व्हावी लागते, हे आपल्याकडं बेंच बदलणाऱ्या प्रत्येक मास्तरानं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

तब्येतीचं पण असंच. अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती घेऊन २००७ मध्ये क्रिस्टाकिस अन् फाउलर या संशोधकांनी सांगितलं, मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ व्हायची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. पण मित्र तर आपणच निवडतो, म्हणून या आकड्यावर आजही वाद आहे.

कामधंद्याचं गणित मात्र उलटं निघालं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांचा तो ओळखीचा माणूस नेहमीच्या भेटीतला होता, बाकीच्यांचा कधीमधी भेटणाराच. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं ना. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या अभ्यासातही थोड्या लांबच्या ओळखीच जास्त कामाला आल्या.

बीडकडं ऊसतोडीत हे डोळ्यानं दिसतं. मुकादम गावातलाच, टोळी भावकीची, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले की नवरा-बायको मिळून एक कोयता, सगळ्यांना एकच काम माहीत अन् दुसऱ्या कामाची खबर येणार कुठून? माझा चुलतभाऊ आठ हंगाम गेला. वाळूजला कंपनीत माणसं घ्यायलेत हे त्याला टोळीत कुणी सांगितलं नाही, बहिणीच्या सासरकडचा एकजण लग्नात पंगतीला शेजारी बसला होता, त्यानं सांगितलं. त्या दसऱ्यानंतर त्याची दोन्ही लेकरं पहिल्यांदाच पूर्ण वर्ष एका शाळेत बसली.