डच विद्यार्थी मंडळ आणि परदेशी विद्यार्थी

डच विद्यार्थी मंडळ : नेदरलँड्सच्या विद्यापीठीय शहरांत विद्यार्थ्यांनी स्थापलेली आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेली सभासदसंस्था. डच भाषेत तिला ‘स्तुडेंटेनफेरेनिखिंग’ म्हणतात. ‘विद्यार्थी संघटना’ म्हटले की मराठी वाचकाला मोर्चे, निवेदने आणि महाविद्यालयीन निवडणुका आठवतात. इथे तसे काही नसते, म्हणून ‘मंडळ’ हाच शब्द बरा. त्याला स्वतःची घटना, वर्गणी, कार्यकारिणी आणि जुन्या मंडळांच्या बाबतीत शहराच्या मध्यवस्तीत स्वतःची इमारतही असते. मंडळ विद्यापीठाचा विभाग नसते. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून सभासदत्व मिळत नाही, ते वेगळे मागावे लागते.

एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीच्या संस्था येतात. एखाद्या विषयाच्या विद्यार्थ्यांचे अभ्यासमंडळ, खेळांची मंडळे, नौकानयनाची मंडळे आणि केवळ एकत्र जमण्यासाठी असलेली, ज्यांना ‘खेझेलिखहेइड’ची म्हणजे गप्पागोष्टींच्या उबेची मंडळे म्हणतात ती. या शेवटच्या गटातली सर्वांत जुनी आणि दबदब्याची ती ‘कोर’. ग्रोनिंगनचे व्हिंडिकाट १८१५ चे, उट्रेख्तचे कोर १८१६ चे, डेल्फ्टचे १८४८ चे. डच राजे विलेम-अलेक्झांडर लायडनला शिकताना तिथल्या मिनर्व्हा या कोरचे सभासद होते, यावरून अशा मंडळांच्या सामाजिक वजनाचा अंदाज येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच समाज पंथवार विभागला गेला. प्रत्येक पंथाची शाळा निराळी, वर्तमानपत्र निराळे, तसे विद्यार्थी मंडळही निराळे झाले : उट्रेख्तला कॅथलिकांचे फेरितास (१८८९), लायडनला ऑगस्टिनस (१८९३), ग्रोनिंगनला आल्बर्टस मॅग्नस (१८९६). कोर पुरुषांचे, म्हणून विद्यार्थिनींनी १८९८ मध्ये ग्रोनिंगनला, १८९९ मध्ये उट्रेख्तला आणि १९०० मध्ये लायडनला आपापली मंडळे काढली. आज बहुतेकांचा पंथ नावापुरता उरला आहे. मुला-मुलींतला भेद मात्र काही ठिकाणी टिकून आहे : उट्रेख्तला मुलांचे कोर आणि मुलींचे मंडळ अजून वेगळेच आहे.

दूरदेशाहून आलेल्यांनी स्वतःचे मंडळ काढण्याची रीतही जुनी आहे. त्या वेळच्या डच ईस्ट इंडीजमधून, म्हणजे आजच्या इंडोनेशियातून आलेल्या विद्यार्थ्यांनी १९०८ मध्ये ‘इंडिशे फेरेनिखिंग’ स्थापली. चहापाणी आणि सहभोजनापासून सुरू झालेली ही संस्था पुढे ‘पेरहिंपुनान इंडोनेशिया’ या नावाने स्वातंत्र्याची मागणी करू लागली. तिचे अध्यक्ष महंमद हत्ता रॉटरडॅमला वाणिज्य शिकत होते. १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या साम्राज्यवादविरोधी परिषदेत त्यांची जवाहरलाल नेहरूंशी भेट झाली, त्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि १९२८ मध्ये हेगच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. पुढे ते इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले. विद्यार्थी मंडळातून एवढी मजल मारलेले उदाहरण खुद्द डचांतही शोधावे लागेल.

प्रवेशाचा हंगाम ऑगस्टमध्ये असतो. लायडनचा ‘एल सिड’, ग्रोनिंगनचा ‘काय’, डेल्फ्टचा ‘ओवे’ अशा परिचय सप्ताहांत मंडळे आपापली दारे उघडतात आणि नावे तिथेच नोंदवली जातात. जागांपेक्षा नावे जास्त झाली तर काही मंडळे चिठ्ठ्या टाकतात. व्हिसा किंवा खोली यांत अडकून सप्टेंबरात पोहोचणाऱ्याची गाडी इथेच चुकते. नाव लागल्यावर ‘परिचयकाळ’ येतो. त्याचे जुने नाव ‘ओन्तख्रुनिंग’, म्हणजे शब्दशः हिरवेपणा काढणे. झोप कमी, आरडाओरडा भरपूर, मंडळाची गाणी आणि पदाधिकाऱ्यांची लॅटिन पदनामे पाठ. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यामुळे इथून गेलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटतो आणि खटकतोही. खटकावा असेच काही घडलेले आहे. १९६५ मध्ये उट्रेख्तला एका नव्या विद्यार्थ्याचा गुदमरून मृत्यू झाला, १९९७ मध्ये ग्रोनिंगनला येनेव्हर ही कडक डच दारू बेसुमार प्यायल्याने एकाचा. २०१६ मध्ये तिथेच एका नवसदस्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली, तेव्हा विद्यापीठाने मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची विद्यावेतने रोखली. सर्वच मंडळांत असे होत नाही. अभ्यासमंडळ किंवा क्रीडामंडळात फार तर एक शिबिर असते, आणि कित्येक मंडळे परिचयकाळ घेतच नाहीत.

परदेशी विद्यार्थ्याची खरी अडचण वर्गणीची नसून भाषेची असते. विद्यापीठात इंग्रजीवर भागते, दुकानात भागते, पण जुन्या मंडळात विनोद, गाणी, सभा आणि भांडणे सगळी डचमध्ये चालतात. एका टेबलावर सात डच आणि एक परदेशी बसला तर पहिली दहा मिनिटे इंग्रजी चालते. मग कुणीतरी एक किस्सा डचमध्ये सुरू करतो आणि संध्याकाळ तिकडेच वळते. यात वैर नसते, सवय असते. पण बसणाऱ्याला फरक काय? त्यामुळे परदेशी विद्यार्थी बहुधा ज्यांचा अभ्यासक्रमच इंग्रजीत आहे अशा विषयांच्या मंडळांत किंवा १९८९ पासूनच्या इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेच्या शाखांत रमतात. नौकानयन हा मधला मार्ग. लायडनचे नियोर्ड (१८७४), डेल्फ्टचे लागा (१८७६) ही जुनी मंडळे. पहाटे थंड पाण्यावर आठ वल्ही एका ठेक्यात पडायची तर हुकूम समजण्यापुरती डच पटकन येते. किरकोळ अंगकाठीच्या माणसाला सुकाणूवर बसवायला सगळेच उत्सुक असतात.

पैशाचा व्यवहार रोखीचा नसतो. मंडळातले पेय यादीवर रेघ मारून घ्यायचे आणि महिनाअखेरीस बँक खात्यातून रक्कम आपोआप वळती व्हायची. रेघा मारताना हात सैल सुटतो, हे पहिल्या महिन्याच्या हिशेबात कळते. दारूसाठी १ जानेवारी २०१४ पासून वयाची अट १८ आहे. न पिणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, तरी ‘बोरल’ म्हणजे संध्याकाळचे पेयपान हाच मंडळाचा कणा आहे.

मंडळाचा एक लाभ बाहेरून दिसत नाही : खोली. अनेक विद्यार्थीघरे मंडळांशी जोडलेली असतात आणि रिकामी खोली कुणाला द्यायची ते घरातले रहिवासी ठरवतात. उमेदवारांना एका संध्याकाळी बोलावून गप्पा मारायच्या आणि मग मत द्यायचे, याला ‘होस्पिटेरेन’ म्हणतात. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असाच प्रकार. जाहिरातीत ‘परदेशी नको’ किंवा ‘डच बोलणाराच हवा’ असे सरळ लिहिलेलेही दिसते.

मराठी विद्यार्थी बहुतेक डेल्फ्ट, आइंडहोवन अशा ठिकाणी दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाच्या ६० पैकी निदान ३० श्रेयांक मिळवावे लागतात, नाहीतर निवासपरवाना धोक्यात येतो. नोकरीही उन्हाळ्याचे महिने सोडले तर आठवड्याला १६ तासच करता येते. डच विद्यार्थी शिक्षण वर्षभर बाजूला ठेवून मंडळाचा पूर्णवेळ पदाधिकारी होतो, तसे करणे या मुलांना परवडत नाही. त्यांच्या वाट्याला एखादी समिती येते : सहल, वार्षिक अंक, स्वयंपाक.

सभासदत्व शिक्षण संपले म्हणून संपत नाही. डच कायद्याप्रमाणे ते साधारणपणे संस्थेच्या हिशेबी वर्षाअखेरीस, आणि घटनेत वेगळे नसेल तर चार आठवड्यांची पूर्वसूचना देऊन सोडता येते. ती सूचना द्यायची राहून गेली, तर माणूस पुण्याला परतलेला असतो आणि डच खात्यातून पुढच्या वर्षाची वर्गणी वळती झालेली असते.