किल्ली, तोटी, पाना: सगळ्यांना ‘यावे’

मेक्सिकोतल्या एखाद्या घरात कुणी स्पॅनिशमध्ये ‘सिएर्रा ला यावे’ म्हणालं, तर उठून नळ बंद करायचा. ‘सिएर्रा कोन यावे’ म्हणालं, तर दाराला कुलूप लावायचं. ‘सिएर्रा’ म्हणजे बंद कर, ‘कोन’ म्हणजे आपला ‘-ने’. तो आला की यावे हे साधन होतं, नाहीतर तीच बंद करायची वस्तू!

स्पॅनिशमध्ये यावे म्हणजे मुळात किल्ली. पण नळाची तोटी, फिटरचा पाना, कुस्तीतली जखडून टाकणारी पकड, एवढंच काय, महिरपी कंसही यावेच. ‘यावे इंग्लेसा’ मागितली की हातात येतो तोंड लहान-मोठं करता येणारा पाना. (स्पेनमध्ये नळाला मात्र ‘ग्रीफो’ म्हणतात.) ही यादी घोकण्यापेक्षा किल्ली हातात धरून बघा. ती फिरते, उघडते, अडकवते. पान्याने तिचं फिरणं घेतलं, तोटीने उघडणं-मिटणं, कुस्तीने अडकवणं. कंसाचं कोडं मला अजून नीट सुटलेलं नाही.

‘यामा’ची गोष्ट निराळी. यामा म्हणजे ज्योत, ‘यामा’ म्हणजे ‘ती हाक मारते’ आणि यामा म्हणजे अँडीज पर्वतातला लोकरीचा प्राणीही. इथे धागा शोधू नका, तो नाहीच. ज्योत लॅटिन ‘फ्लामा’तून आली, हाक ‘क्लामारे’तून आणि प्राण्याचं नाव अँडीजमधल्या केचुआ भाषेतून. शब्दाच्या सुरुवातीचे लॅटिन फ्ल, क्ल, प्ल स्पॅनिशमध्ये घासून ‘ल्य’ झाले, पुढे बहुतेक ठिकाणी ‘य’. तीन परके एकाच सदऱ्यात दिसतात ते त्यामुळे.

असा शब्द ऐकताना डोक्यात काय होतं? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये इंग्रजी ‘बग’ शब्दावर प्रयोग केला. बग म्हणजे किडा, तसाच चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोन. वाक्यात कोळी-झुरळांचा उल्लेख असूनही शब्द कानावर पडताच ऐकणाऱ्यांच्या मनात दोन्ही अर्थ जागे झाले. पुढची तीनेक अक्षरं उच्चारली जाईपर्यंत नको तो अर्थ विझलेला होता. परक्या भाषेत आपली तारांबळ उडते ती या विझवण्यात, असा माझा अंदाज.

यावेचं मूळ लॅटिन ‘क्लाविस’. पोर्तुगीजमध्ये तेच ‘क्ल’ वळलं ‘च’कडे, आणि त्या शब्दातून मराठीत आली आपली चावी. लिस्बनमध्ये आज त्याचा उच्चार ‘शाव’सारखा होतो, पण पोर्तुगीज गोव्यात उतरले त्या १६व्या शतकात त्यांच्या बोलण्यात ‘च’च होता. तो आपल्या चावीत टिकून आहे.

म्हणजे यावे आणि चावी सख्ख्या चुलत बहिणी. तरी एकीचं काम दुसरीला सांगून चालत नाही. आपण घड्याळाला चावी देतो. स्पॅनिश माणूस ‘क्वेर्दा’ देतो, म्हणजे चक्क दोरी.