मतलई, खारा वारा आणि मुंबईचं धुरकं

वडाळ्याच्या एखाद्या उंच गच्चीवरून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेला पाहिलं, तर ट्रॉम्बेच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसतात. महिन्याभराने सकाळी अकरा वाजता तिथे नुसता राखाडी पडदा असतो. या महिन्याभरात शहरातल्या गाड्या वाढलेल्या नसतात, भट्ट्याही तेवढ्याच असतात. बदललेला असतो तो वारा.

रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी उलट येणारा खारा वारा या जोडीवर कोळीवाड्यांनी पिढ्यान् पिढ्या होड्या हाकल्या. एकावर बाहेर पडायचं, दुसऱ्यावर परतायचं. धुराचंही तसंच होतं. रात्रीची मतलई शहराचा धूर समुद्रावर नेते आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा त्यातला बराचसा परत आणून सोडतो. थंडीत जमीन रात्री लवकर निवते, खाली गार आणि वर उबदार हवेचा थर बसतो, खारा वारा सुटायला दुपार होते. तोवर सगळं खालीच कोंडलेलं. ‘समुद्र आहे, मुंबईला काय होतंय’ हे वाक्य जून ते सप्टेंबर खरं असतं. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा थांबत नाही आणि दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हवा धुऊन काढतो.

जुना इतिहास थोडक्यात. 1850 च्या दशकात गिरण्या आल्या, धुरांडी वाढली आणि 1912 मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. 1915 पासून खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली, कोळसा कमी झाला. 1950 च्या दशकात ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण आणि औष्णिक वीज आली, पुढे खत कारखाना. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले ते यानंतर. 1982 च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी विझत गेली, त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. आजच्या धुळीचा एक धागा इथूनच निघतो.

खरा घोळ शब्दाचा आहे, आणि तो मला किरकोळ वाटत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात ‘मुंबईवर धुक्याची चादर’ असे मथळे येतात. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. त्याला जवळजवळ संपृक्त, म्हणजे बाष्पाने पुरती भरलेली हवा लागते आणि ऊन चढलं की ते विरतं. मुंबईत दिसतं ते अकरालाही विरत नाही, कारण त्यात पाणी थोडं आणि कण फार. मग धुरकं म्हणावं का? धूर आणि धुकं मिळून झालेला हा शब्द पुष्कळ बरा, पण त्यातही धुराचाच बोभाटा होतो. मुंबईत रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ हा मोठा वाटेकरी आहे. खिडकीच्या कठड्यावरून ओलं फडकं फिरवून बघा. रहदारीच्या रस्त्यालगत ते काळं निघतं, पाडकाम चालू असलेल्या गल्लीत तपकिरी-पांढरं. धुकं म्हटलं की दोष निसर्गाचा होतो आणि नोटीस कुणालाच द्यावी लागत नाही. म्हणून हा शब्द अशा सकाळींसाठी वापरूच नये.

निसर्गाचा वाटा खोटा नाही. जानेवारी 2022 मध्ये कराचीच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आलं, गाड्यांवर पांढरी पुटं बसली. 2022-23 च्या हिवाळ्यात, सलग तिसऱ्या ‘ला निना’च्या (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार राहण्याच्या) काळात, वारे मंदावले आणि हवा अनेक दिवस वाईट राहिली. पण मंदावलेला वारा शहराची धूळ कोंडून ठेवतो, तयार करत नाही. 2016 च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीवरचा कचरा पेटला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर ऋतूने केलेला नव्हता.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या हवेची स्वतःहून दखल घेतली, त्याच महिन्यात पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. 70 मीटरहून उंच इमारतीभोवती किमान 35 फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं. नियम चांगले आहेत. पण पस्तीस फुटी पत्रा विसाव्या मजल्यावर फरशी कापताना उडणारी धूळ अडवत नाही. तिथे कापडच नीट बांधलेलं हवं, आणि फाटक्या कापडाचे टॉवर आजही दिसतात. 2025 च्या सुरुवातीला न्यायालयाने पावाच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सहा महिने दिले. पाव विकणाऱ्या छोट्या बेकरीवाल्याला मुदत आणि टॉवरवाल्याला पत्रा, हे माप मला समान वाटत नाही.

त्याआधी, डिसेंबर 2024 च्या शेवटी, भायखळा आणि बोरिवली पूर्वेला बांधकामं थांबवली गेली, कारण तिथला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (जितका जास्त, तितकी हवा वाईट) 200 च्या वर राहिला होता. बंदी आकड्याला बांधलेली. आकडा मात्र वाऱ्याला बांधलेला असतो. सलग चार दिवस खारा वारा लवकर सुटला की तो उतरतो, कापड फाटकंच असलं तरी.